नदालचा डावा हात आणि भाच्याचा उजवा

गेल्या आठवड्यात माझा आठ वर्षांचा भाचा गंगापूर रोडवरील टेनिस कोर्टावरून रडवेला होऊन घरी आला, कारण उजव्या हातातली रॅकेट डाव्या हातात देऊन त्याला तासभर खेळवण्यात आले होते आणि त्याचा एकही चेंडू धड जाळीपलीकडे गेला नव्हता. मी कारण विचारले तेव्हा ताईने मोबाइलच पुढे केला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या त्या संदेशात म्हटले होते की, स्पेनचा टेनिसपटू राफेल नदाल मुळात उजव्या हाताचा होता, काका टोनी यांनी बळजबरीने त्याला डावखुरा केले, डावखुऱ्याला हरवणे जवळजवळ अशक्य असते, बाकी त्याचा खेळ म्हणजे निव्वळ दंडाची ताकद आणि मातीच्या कोर्टाबाहेर त्याला फारसे जमले नाही. तेव्हा मुलांचे हात वेळीच बदला. मी प्रशिक्षक नाही, रात्री जागून सामने पाहणारा साधा प्रेक्षक आहे. पण एवढे खोडून काढायला तेवढी पात्रता पुरेशी आहे.

बळजबरीची गोष्ट सर्वांत घातक, म्हणून आधी ती. नदालने पत्रकार जॉन कार्लिन यांच्यासह लिहिलेले आत्मचरित्र २०११ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यात त्याने ही हकीकत स्वतः सांगितली आहे. लहानपणी तो फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) आणि बॅकहँड (विरुद्ध बाजूचा) हे दोन्ही फटके दोन हातांनी मारत असे. व्यावसायिक खेळाडू असे खेळत नाहीत, तेव्हा बदल कर, असे टोनी यांनी सांगितले आणि एक हात सोडताना नदालला डावा हातच सहज वाटला. तो लिहितो उजव्या हाताने, गोल्फही उजव्याच हाताने खेळतो. मात्र फुटबॉलमध्ये त्याचा डावा पाय अधिक जोरकस आहे. आपल्याला स्वाभाविक नसलेल्या पद्धतीने खेळायला लावण्याइतके टोनी मूर्ख नव्हते, असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे काकांनी मुलाचा कल पाहिला आणि तो जपला. भाच्याच्या बाबतीत नेमके उलटे झाले: त्याचा उजवा हात चांगला बसला आहे हे कोर्टाबाहेर बसलेल्या आजोबांनाही दिसत होते, तरी तो काढून घेण्यात आला.

हात बदलल्याची उदाहरणे खेळात मुळीच नाहीत, असे मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल मूळचा डावखुरा होता आणि वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकवले. संदेशातला तर्क लावला तर वडिलांनी त्याचे नुकसानच केले म्हणायचे. पण या रोझवॉलने एकेरीची ८ ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली, विजेतेपदे मिळवली.

डावखुऱ्याला काही फायदा मिळतो, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. ३०-४० किंवा ॲडव्हान्टेज अशा निर्णायक गुणांची सर्व्हिस ज्या बाजूला होते, तिथे डावखुऱ्याचा स्लाइस, म्हणजे बाजूला वळणारा, चेंडू उजव्या हाताच्या खेळाडूला बॅकहँडच्या बाजूने कोर्टाबाहेर ओढत नेतो. नदालचा उसळणारा फोरहँडही त्याचा प्रतिस्पर्धी रॉजर फेडररच्या एकहाती बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर गाठत असे, आणि त्यांच्या लढतींचा नदालच्या बाजूने २४-१६ हा हिशेब त्याशिवाय नीट उलगडत नाही. पण २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने तोच बॅकहँड चेंडू चढताना, लवकर मारायला सुरुवात केली आणि सामना जिंकला. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या नोव्हाक जोकोविचविरुद्ध तर नदाल २९-३१ असा मागेच राहिला. डावखुऱ्याला हरवता येत नाही म्हणणाऱ्याने हे ३१ सामने कुठे ठेवायचे?

ताकदीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. चेंडूला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, मिळते ते रॅकेटची पकड आणि खालून वर वेगाने जाणारा फटका यांमुळे. नुसत्या दंडाने चेंडू मागच्या कुंपणावर आदळतो, ज्याचा मला पुरेसा अनुभव आहे. मातीबाहेरचे म्हणाल, तर मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनची १४ विजेतेपदे बाजूला ठेवूनही विम्बल्डनची २, अमेरिकन ओपनची ४ आणि ऑस्ट्रेलियन ओपनची २ उरतात, आणि ही आठही त्याने त्याच डाव्या हाताने जिंकली आहेत, ज्याला हा संदेश एका ओळीत अजिंक्य ठरवतो आणि पुढच्याच ओळीत मातीपुरता.