शाल दिल्याने पेनल्टी कॉर्नर फुटत नाही

गेले काही दिवस पुण्यातल्या हॉकीच्या व्हॉट्सअॅप गटांमधून एक लांबलचक फॉरवर्ड, म्हणजे पुढे ढकललेला संदेश, फिरतोय. भाची नेहरूनगरच्या मैदानावर सरावाला जाते. तिच्या संघाच्या पालकांच्या गटातही तो येऊन पडला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. यातलं खरं किती, असं एकानेही विचारलं नाही. म्हणून हा खटाटोप.

विषय असा. आपल्याकडच्या एका संघाचा माजी प्रशिक्षक आता दुसऱ्या संघाला घेऊन इथे खेळायला येतोय आणि जुन्या संघाने त्याचा छोटासा सत्कार करायचं ठरवलंय. फॉरवर्ड म्हणतो, हा सत्कार हाणून पाडा. कारणं दिलीत ती अशी: त्याला आपली सगळी गुपितं ठाऊक आहेत. तो पैशासाठी सोडून गेला, म्हणजे गद्दार. अमेरिकेत एका संघाने असा सत्कार केला आणि तोच सामना हरला. सत्कारापायी सामन्याचं वेळापत्रक कोलमडतं. सामने खेळाडू जिंकतात, प्रशिक्षक नाही. आणि सत्कार करायचाच तर करंडक जिंकून देणाऱ्याचा करा, 'बाकी कोण कसा वागला ते उगाळत बसू नये'. शेवटी मुलामुलींना आदेश: तो दिसला की पाठ फिरवा, हात मिळवू नका.

गुपितांपासून सुरुवात करू, कारण त्यावर सगळ्यात जास्त माना डोलल्यात.

हॉकीत गुपित म्हणावं असं मुख्यतः पेनल्टी कॉर्नरमध्ये, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला गोलजवळ मिळणाऱ्या संधीत, असतं. त्यातही बहुतेक गोष्टी नियमानेच उघड्या आहेत. चेंडू गोलखांबापासून किमान १० मीटरवरून, मागच्या रेषेवरून आत ढकलायचा. तो गोलसमोरच्या वर्तुळाबाहेर गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. बचावाला गोलरक्षक धरून जास्तीत जास्त पाच जण, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. पहिला फटका हिट, म्हणजे काठी फिरवून मारलेला, असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलातल्या फळीच्या, वर जाता कामा नये. ड्रॅगफ्लिकला, म्हणजे चेंडू काठीने ओढत नेऊन भिरकावण्याला, ती मर्यादा नाही. मग लपवायचं उरतं काय? या वेळी थेट ड्रॅगफ्लिक, की डावीकडे सरकवून दुसऱ्याने मारायचा, की ढकलणाऱ्याकडेच परत देऊन वळवायचा. ते ठरतं एखाद्या शब्दाने किंवा बोटांच्या खुणेने.

हे शब्द बदलायला एक सराव लागतो. जुना प्रशिक्षक समोर येणार हे महिनाभर आधी ठाऊक असूनही संघ त्याच खुणांवर खेळत असेल, तर दोष शालीचा नाही. बदलताना बहुतेक संघ एकच चूक करतात: सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं एकदम बदलतात. मग ढकलणारी जुन्या शब्दावर ढकलते, चेंडू थांबवणारी नव्या जागेवर उभी असते आणि चेंडू दोघींच्या मधून निघून जातो. दोन आठवडे आधी फक्त खुणा बदला, जागा त्याच ठेवा. त्या अंगवळणी पडल्या की चेंडू थांबवायची जागा मीटरभर सरकवा. चेंडू ढकलायला आणखी एक जण तयार ठेवा. एवढं पुरतं.

प्रशिक्षकाला खरंच ठाऊक असतं ते वेगळं. फ्लिक मारणारीचा खांदा कुठल्या कोनात उघडतो, पहिली रशर (फटका अडवायला गोलातून पुढे सुटणारी) कुठल्या बाजूने धावते, गोलरक्षक कोणत्या पायाशी उशिरा खाली जाते. या सवयी आठवड्यात बदलत नाहीत. पण त्या ओळखायला माजी प्रशिक्षक कशाला हवा? गोलामागच्या जाळीला फोन बांधून तीन सामने चित्रित करणारा कोणीही त्या सांगेल. आणि मुद्दा सत्काराचा आहे ना? नारळ हातात घेताना त्याला कालपर्यंत ठाऊक नव्हतं असं नेमकं काय कळणार आहे?

आता एक दाखला. रोलंट ओल्टमन्स २०१३ पासून भारतीय हॉकीत होते आणि २०१५ ते सप्टेंबर २०१७ भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. संघातल्या प्रत्येकाच्या सवयी त्यांना पाठ. पुढच्याच वर्षी ते पाकिस्तानचे प्रशिक्षक झाले. १ सप्टेंबर २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदकासाठी भारत विरुद्ध पाकिस्तान सामना झाला आणि भारत २-१ ने जिंकला. चार वर्षांची गुपितं, त्यातही समोर पाकिस्तान, आणि निकाल हा. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. पण गुपितं फुटून हरल्याचा तेवढाही सामना फॉरवर्डकडे नाही.

गद्दारीचा मुद्दा दोन मिनिटांत उरकतो. प्रशिक्षक करारावर असतो; करार संपला की तो मोकळा. संघ त्याला काढतो तेव्हा 'निर्णय संघहिताचा' आणि तो जातो तेव्हा 'गद्दार', हा हिशेब कोणाच्या सोयीचा? १९९८ ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकल्यावर आपल्या खडकीच्या धनराज पिल्लैसह काही खेळाडूंना आणि प्रशिक्षक कौशिक यांना घरी बसवलं होतं. २०१४ ला इंचॉनमध्ये सोळा वर्षांनी पुन्हा सुवर्ण आलं, तेव्हाचे प्रशिक्षक टेरी वॉल्श त्याच वर्षी पायउतार झाले. आणि पैसे मागणं हाच गुन्हा असेल, तर जानेवारी २०१० मध्ये इथेच, आपल्या पुण्यातल्या शिबिरात, थकलेल्या पैशांसाठी सराव थांबवणारा अख्खा राष्ट्रीय संघ गद्दार ठरवावा लागेल. बघा जमतंय का.

अमेरिकेचा दाखला मात्र खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. आहे आईस हॉकीचा, पण असू दे. बॅरी ट्रॉट्झ यांच्या हाताखाली वॉशिंग्टन कॅपिटल्सने जून २०१८ मध्ये पहिल्यांदा स्टॅनले कप, म्हणजे तिथल्या आईस हॉकी लीगचा करंडक, जिंकला. करारावरून बिनसलं आणि त्याच महिन्यात ते न्यूयॉर्क आयलंडर्सकडे गेले. १८ जानेवारी २०१९ ला ते पाहुणे म्हणून वॉशिंग्टनला आले, मोठ्या पडद्यावर त्यांची चित्रफीत दाखवली, प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आयलंडर्स २-० ने जिंकले. इथवर सगळं बरोबर. फॉरवर्डने गाळलंय ते हे की कॅपिटल्स त्या दिवसांत ओळीने हरत होते, सत्काराच्या आधीही आणि नंतरही. चित्रफितीने हरवलं म्हणायचं, तर आधीचे सामने कशाने हरले?

त्या सत्कारातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. चित्रफीत दाखवली ती टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो त्या विश्रांतीत. सामन्याचं एक मिनिटही गेलं नाही. इथे वेळापत्रकाचा मुद्दा येतो, आणि त्यात निम्मं तथ्य आहे. आपल्याकडे 'छोटासा सत्कार' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, माजी नगरसेवकांचं मनोगत, आजी नगरसेवकांचं मनोगत, आभार, आणि 'वेळेअभावी थोडक्यात' म्हणत आणखी दहा मिनिटं. तोवर दोन्ही संघांचं अंग गार पडलेलं असतं. पाणी मारून खेळायच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तर आणखी पंचाईत. सामन्याच्या तोंडावर मारलेलं पाणी भाषणांत उन्हाने उडून जातं. कोरड्या टर्फवर चेंडू अडखळतो, मध्येच उसळतो, आणि घसरून पडणाऱ्यांचे गुडघे सोलून निघतात. मधल्या सुट्टीत करू म्हणाल, तर पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर फक्त दोन-दोन मिनिटं मिळतात, आणि मध्यंतर प्रशिक्षकाचं असतं. ज्याचा सत्कार करायचा तोच तेव्हा कामात.

म्हणून सत्कार सामना संपल्यावर. आधी, संघांची ओळख करून देताना, ध्वनिक्षेपकावर एक वाक्य: अमुक वर्षं हे इथे प्रशिक्षक होते. बस. सामन्यानंतर हस्तांदोलन झालं की टर्फच्या कुंपणाबाहेर, प्रेक्षकांसमोर, चार-पाच मिनिटं. शाल, श्रीफळ, जुन्या संघाचं चौकटीतलं छायाचित्र. देणार कोण, तर त्याच्या हाताखाली खेळलेला खेळाडू. पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाला आणि सामन्याच्या तांत्रिक अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवा, नाहीतर तो माणूस आपल्या पोरांना सोडून येऊच शकणार नाही. टर्फवर व्यासपीठ नको, मांडवाची खुंटी नको, रांगोळी नको. ओल्या धाग्यांत अडकलेल्या फुलांच्या पाकळ्यांवरून पाय घसरतो. कागदी तुकडे उडवणारी ती नळकांडी तर नकोतच, ते तुकडे दोन आठवडे निघत नाहीत. फटाक्याच्या ठिणगीने टर्फचा धागा वितळतो आणि तो तुकडा कापूनच बदलावा लागतो.

'जिंकतात खेळाडू' यावर वाद कोणी घातलाय? ऑलिम्पिकमध्ये प्रशिक्षकाला पदक मिळतच नाही, पदकं खेळाडूंच्याच गळ्यात पडतात. जुन्या मैदानावर एक शाल मिळण्याला म्हणूनच थोडा अर्थ आहे.

आता तो करंडकाचा मुद्दा. बाकीचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, हे नाही. 'करंडक जिंकून देणाऱ्याचाच सत्कार करा, बाकी कोण कसा वागला ते उगाळत बसू नये.' हे वाक्य मुलींच्या संघाच्या पालकांनी एकमेकांना पुढे पाठवलंय.

करंडक मोजून माणूस मोजला की काय होतं, त्याचं उदाहरण त्याच आईस हॉकीत आहे. शिकागो ब्लॅकहॉक्सने जोएल क्वेनविल यांच्या प्रशिक्षणाखाली २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन स्टॅनले कप जिंकले. फॉरवर्डच्या निकषावर शालींचा ढीग लागायला हवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका स्वतंत्र चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. २०१० च्या मे महिन्यात, संघ करंडकाच्या अगदी जवळ असताना, एका तरुण खेळाडूवर संघाच्याच व्हिडिओ प्रशिक्षकाने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप वरिष्ठांच्या बैठकीत चर्चेला आला होता. क्वेनविल त्या बैठकीत होते. करंडक हातात येईपर्यंत कारवाई झाली नाही. अहवालानंतर दोनच दिवसांत क्वेनविल यांनी फ्लोरिडा संघाचं प्रशिक्षकपद सोडलं, आणि जुलै २०२४ पर्यंत लीगने त्यांना काम करायची मुभा दिली नाही. ज्या करंडकासाठी गप्प बसले, तोच करंडक पुढे सत्काराचा दाखला होतो. 'उगाळत बसू नये' म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

तेव्हा सत्कार ठरवणाऱ्या समितीने करंडकांचं कपाट उघडण्याआधी तक्रारींची फाइल उघडावी. फाइलच नसेल तर ती वेगळी काळजी. त्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वेगवेगळ्या वर्षांत खेळलेल्या चार-पाच जणांशी बोलावं, एकेकट्याने, पदाधिकारी आणि पालक समोर नसताना. त्यात संघातून वगळलेले दोघे तरी हवेत. कर्णधार नेहमी गोडच बोलतात. विचारायचं सरळ. दुखापत असताना खेळवलं का? हात उचलला का? वजनावरून, अंगावरून शेरे मारायचे का? रात्री-अपरात्री वैयक्तिक संदेश यायचे का? बाहेरगावी एकटीला खोलीवर बोलावलं का? निवडीसाठी कोणाकडून पैसे घेतले का? यातलं काही निघालं, किंवा तक्रार प्रलंबित असेल, तर सत्कार रद्द, मग करंडक कितीही असोत. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते समितीत मिटवायचं नसतं. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

यातलं काही निघालं नाही, तर मग त्याने करंडक जिंकला नसला तरी चालेल. पाच वर्षं पहाटे साडेपाचला येऊन बारा वर्षांच्या मुलींना काठी धरायला शिकवणाऱ्याला एक शाल फार होत नाही. तो आज कुठल्या बाकावर बसतो याच्याशी तिचा संबंध नाही.

राहिली पाठ फिरवायची सूचना. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांशी, पंचांशी आणि समोरच्या बाकावरच्या लोकांशी हात मिळवतात. तो प्रशिक्षक त्याच बाकावर असणार. मुलींनी नेमकं काय करायचं, रांगेत चालताना मध्येच गिरकी घ्यायची? मोठ्यांची भांडणं त्यांच्या हातात काठीबरोबर देऊ नका. पाठ फिरवायची फारच हौस असेल तर पालकांनी स्वतः गॅलरीत मैदानाकडे पाठ करून बसावं. त्यांना सामना दिसणार नाही, बाकी कोणाचं काही बिघडणार नाही.