‘फार्गो’ पाहून कुणी मेलेलं नाही

गेल्या रविवारी सोलापूरहून काकांचा फोन आला. त्यांची नात, म्हणजे माझी भाची, कॉलेजच्या फिल्म क्लबात ‘फार्गो’ दाखवणार होती. काकांनी तिला तो दाखवायला मनाई केली होती. का, असं विचारलं तर म्हणाले, "तुला पाठवलंय व्हॉट्सअ‍ॅपवर. वाच आणि मग बोल."

काकांनी बत्तीस वर्षं पोलिसात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले. मेलेल्या माणसाची टिंगल त्यांना खपत नाही आणि या मजकुरानं त्यांना नेमकं तेच सांगितलं होतं. म्हणून माझा राग काकांवर नाही. ज्यानं सिनेमा न बघता हे लिहिलं आणि ज्यांनी न वाचता पुढे ढकललं, त्यांच्यावर आहे.

मजकूर थोडक्यात असा: जोएल आणि ईथन कोएन हे अमेरिकन भाऊ खुनाचा विनोद करून मोठे झाले. ‘फार्गो’ ही खरी घटना, त्यातली सात माणसं खरोखर मेली आणि यांनी त्यांची थट्टा केली. एक जपानी मुलगी सिनेमा खरा मानून त्यातले पैसे खणायला गेली आणि मेली. यांच्या सिनेमात खुनी हुशार, पोलीस मूर्ख. ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मध्ये खुनी सुटतो, म्हणजे गुन्हा पचतो. आणि हे सगळं हिंसा कधी न पाहिलेल्या प्राध्यापकांच्या मुलांचं खूळ.

जपानी मुलीच्या वाक्यापुढे तीन हसरे चेहरे होते. तिथूनच सुरुवात करते.

नोव्हेंबर २००१ मध्ये मिनेसोटातल्या डेट्रॉइट लेक्स गावाबाहेर टोकियोची एक तरुणी मृतावस्थेत सापडली. त्याआधी ती शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात, बिस्मार्कमध्ये पोलिसांना भेटली होती. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, पोलिसांना जपानी अजिबात येत नव्हतं. तिच्याकडे हातानं काढलेला एक नकाशा होता. ती त्याच राज्यातल्या फार्गो गावाला निघाली होती. ‘फार्गो’त एक गुन्हेगार पैशांची बॅग कुंपणालगत बर्फात पुरतो, म्हणून पोलिसांनी अंदाज बांधला की ही तेच पैसे शोधायला आली असणार. तो अंदाज वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आला आणि जगभर गेला.

पुढे पॉल बर्झेलर नावाच्या दिग्दर्शकानं तिचा माग काढला, मिनेसोटातल्या माणसांना भेटला आणि २००३ मध्ये त्यावर माहितीपट केला. या एका कामापुढे तो अख्खा मजकूर टिकत नाही. त्यात दिसतं ते एवढंच: तिची नोकरी गेली होती, मन खचलं होतं, आणि जाण्याआधी तिनं आईवडिलांना निरोपाचं पत्र टाकलं होतं. मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला गेला. खजिन्याची गोष्ट दोन भाषांच्या मधल्या फटीत जन्मली.

आता सांगा, मेलेल्या माणसाची थट्टा कुणी केली? जिचे आईवडील ते पत्र हातात घेऊन बसले असतील, तिला ‘सिनेमा खरा मानणारी वेडी’ ठरवून हसरे चेहरे चिकटवणाऱ्यानं केली. आणि तोच माणूस कोएन बंधूंना माणुसकी शिकवायला निघाला आहे. वीस वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट फिरते आहे. निदान आपल्या घरातून तरी ती पुढे जाऊ नये.

‘खरी घटना’ या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि मला ते नाइलाजानं मान्य करावं लागतं. १९९६ च्या या सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर स्पष्ट लिहून येतं की ही सत्यकथा आहे, १९८७ मध्ये मिनेसोटात घडली, बचावलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत. हे खोटं आहे. प्रेक्षकानं गोष्ट खरी मानावी म्हणून रचलेलं. मला ते आजही पटत नाही. निव्वळ कथेच्या जोरावरही हा सिनेमा उभा राहिला असता. पण शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीत बसलात तर त्यात सर्व पात्रं काल्पनिक असल्याचंही लिहिलेलं आहे. सिनेमात मृतदेह ज्यात घातला जातो त्या लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्राची कल्पना तेवढी खऱ्या गुन्ह्यातून आली: १९८६ मध्ये कनेटिकट राज्यात एका नवऱ्यानं बायकोचा खून करून असं यंत्र वापरलं होतं. ते राज्य मिनेसोटापासून कितीतरी दूर, आणि सिनेमातलं कुटुंब त्या कुटुंबासारखं मुळीच नाही. सात खरे मृत्यू कुठेही नाहीत.

आणखी एक कबुली. सिनेमात एक नवरा पैशांसाठी बायकोचं अपहरण घडवून आणतो. त्या बाईच्या तोंडावर बुरखा आहे, हात बांधलेले आहेत, ती बर्फात आंधळ्यासारखी धावते, आणि एक अपहरणकर्ता खदाखदा हसतो. या प्रसंगात प्रेक्षकही हसतात. मी हे पाहिलं आहे आणि मला तेव्हा बसवत नाही. पण हसणारा कोण आहे ते बघा. त्याच गुन्हेगाराची पुढे काय गत होते तेही बघा. कोएन बंधूंचा विनोद मरणाऱ्यावर नसतो. ‘आपण फार डोकं चालवलं’ असं मानणाऱ्यावर असतो. हाच गुन्हेगार पैसे पुरतो तेव्हा डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. दोन्हीकडे क्षितिजापर्यंत सारखेच खांब, सारखाच बर्फ. खूण म्हणून तो काचेवरचा बर्फ खरवडायची छोटीशी लाल पट्टी रोवतो. हसू येतं ते त्या पट्टीला. ज्या पैशांसाठी एवढी माणसं गेली ते कुणालाच मिळत नाहीत.

‘ब्लड सिंपल’ हा त्यांचा १९८४ चा पहिला सिनेमा. त्यात एक माणूस ऑफिसमधलं रक्त स्वतःच्या जॅकेटनं पुसायला जातो आणि ते आणखी पसरतं. मिनिटामागून मिनिटं तो पुसत राहतो. शीर्षकातले शब्द डॅशिएल हॅमेट यांच्या १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीतले: हिंसेच्या सहवासात माणसाचं डोकं कसं बधिर होतं, याला हॅमेटनं दिलेलं नाव. खून सोपा असतो असं हा सिनेमा पाहून कुणी म्हणूच शकत नाही.

पोलीस मूर्ख? हा मुद्दा वाचून मी कपाळाला हात लावला. ‘फार्गो’ची नायिका मार्ज गंडरसन ही ब्रेनर्ड गावची पोलीसप्रमुख, सात महिन्यांची गरोदर. फ्रान्सिस मॅकडॉरमंडला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पहाटे फोन येतो, नवरा उठून तिला अंडी करून देतो, कारण उपाशीपोटी कामावर जायचं नाही. बर्फातल्या पावलांवरून ती काही मिनिटांत सांगते की इथं काय घडलं आणि मारणारा अंगानं धिप्पाड आहे.

बुधवारी मी सोलापूरला गेले आणि काकांना शेजारी बसवून सिनेमा लावला. मेलेल्या पोलिसाच्या वहीत ‘डीएलआर’ अशी नोंद असते. मार्जचा हाताखालचा अधिकारी या अक्षरांनी सुरू होणारे गाड्यांचे नंबर शोधत बसलेला असतो. ती त्याला हळूच म्हणते की तुझ्या या तपासाशी मी शंभर टक्के सहमत नाही. ही डीलरकडची, अजून नंबर न मिळालेली गाडी आहे. आणि त्याला ओशाळं वाटू नये म्हणून लगेच नंबर प्लेटवरचाच एक विनोद सांगते. काकांनी तिथं थांबवायला लावलं. "पुन्हा लाव," म्हणाले. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "चूक अशी सांगणारा साहेब मला अख्ख्या नोकरीत एकच भेटला."

‘नो कंट्री’बद्दल एवढंच. त्यातला खुनी शिगर निघून जातो, खरं आहे; पण जातो तो गाडीच्या धडकेत मोडलेला, हाताचं हाड बाहेर आलेला, एका पोराचा शर्ट विकत घेऊन. त्याआधी तो कार्ला जीन या बाईला मारायला येतो आणि तिचा जीव नाणं उडवून ठरवू बघतो, पण ती त्याच्या नाण्याला उत्तरच देत नाही. निवड नाण्याची नाही, तुझी आहे, असं ती त्याला तोंडावर सांगते. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या मूळ कादंबरीत ती छापाकाटा सांगते. तिच्या तोंडी नकार घातला तो कोएन बंधूंनी. आणि तिचा खून ते दाखवत नाहीत. दारातून बाहेर आलेला शिगर फक्त रक्त लागलंय का म्हणून बुटांचे तळवे तपासतो. रक्ताची चटक असलेल्यानं हा प्रसंग असा घेतला असता?

आईवडील प्राध्यापक होते, हे खरं. वडील अर्थशास्त्राचे, आई कलेच्या इतिहासाची. यात आरोप कसला, मला कळलं नाही.

काकांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मार्ज खुन्याला गाडीत मागे बसवून नेते आणि जाळीपलीकडे बघत एकेक मृत्यू मोजते: जमिनीवर पडलेली ती बाई, यंत्रातला तुझा साथीदार, ब्रेनर्डमधली ती तिघं. आणि कशासाठी? थोड्या पैशांसाठी. बाहेर दिवस किती छान आहे, आणि तू इथं. मला हे समजतच नाही, म्हणते. आवाज चढत नाही. मागचा माणूस गप्प.

काकाही बराच वेळ गप्प होते. मग मोबाइल काढून त्यांनी आधी नातीला फोन लावला, "दाखव तू," एवढं म्हणाले. मजकूर गटातून पुसला. त्यांनी तो आणखी चार जणांना पाठवला होता. मी निघाले तेव्हा चष्मा लावून ते तिसऱ्याचा नंबर शोधत होते.