राउटर क्लाऊडमध्ये गेला, गायब झाला नाही

नेटवर्क व्यवस्थापनात करिअर करू पाहणाऱ्यांना हल्ली एक संदेश हमखास येऊन पोहोचतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: सगळं क्लाऊडवर गेलंय, राउटर-स्विच शिकून उपयोग नाही. उरलंसुरलं कॉन्फिगरेशन ऑटोमेशन आणि एआय करतं. सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटण्याला, कॅल्क्युलेटर आहे. फारच हौस असेल तर डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून महिन्याभरात सर्टिफिकेट घ्या, नोकरीला तेवढं पुरतं. आणि एवढं करून काम काय, तर रात्रपाळीत स्क्रीनकडे बघत बसायचं. त्यापेक्षा थेट प्रोग्रॅमिंग शिका.

हे लिहिणारा अगदीच अनभिज्ञ नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे काहीतरी पाहिलेलं आहे. पण पाहिलेलं अर्धं आणि काढलेला निष्कर्ष पूर्ण, असा सगळा मामला आहे. एकेक मुद्दा घेऊ.

“सगळं क्लाऊडवर गेलंय”

बरंचसं गेलंय, मान्य. पण तिथे गेल्यावर आधी काय विचारतात? एडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाऊडवर, स्वतःचं व्हीपीसी, म्हणजे आपलं खासगी नेटवर्क, उभं करताना पत्त्यांचा पट्टा ठरवावा लागतो, /१६ ते /२८ या मर्यादेतला; तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितके पत्ते कमी. नवशिका बिनधास्त १०.०.०.०/१६ टाकतो. शेजारच्या टीममधला नवशिकाही तेच टाकतो, कारण सगळ्या उदाहरणांत तेच असतं. पुढे कधीतरी ही दोन नेटवर्कं एकमेकांना जोडायची वेळ येते आणि पीअरिंग, म्हणजे ती थेट जोडणी, होतच नाही, कारण दोन्ही पट्टे एकच आहेत. मग एक नेटवर्क नव्याने उभारा, नाहीतर मध्ये एनएटी (पत्ते बदलून देणारी व्यवस्था) घालून कसरत करा. खासगी पत्त्यांचे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ठरलेत. ते कसे वाटायचे हे कळण्यासाठी क्लाऊडचा वेगळा कोर्स लागत नाही, नेटवर्किंगचा जुनाच लागतो.

दुसरं उदाहरण जास्त छळणारं. सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे सर्व्हरभोवतीच्या नियमयादीला, कनेक्शन लक्षात राहतं: बाहेरून विनंती आली तर तिचं उत्तर तो आपोआप बाहेर जाऊ देतो. सबनेटवरच्या, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यावरच्या, नेटवर्क एसीएल या नियमयादीला काहीच लक्षात राहत नाही. तुम्ही स्वतः बनवलेल्या एसीएलमध्ये ४४३ पोर्टला (सुरक्षित वेबसाइटच्या दाराला) आत यायची परवानगी दिली आणि परतीच्या वाटेचा नियम लिहिला नाही, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि उत्तर दारातच अडतं. बाहेरून पाहिलं तर सर्व्हर बंद आहे असं वाटतं. सर्व्हरवर येणारी पॅकेट तपासली तर पॅकेट आलेलं दिसतं. ब्राउझर ४४३ शी बोलताना स्वतःकडचा एक तात्पुरता वरचा पोर्ट वापरतो आणि उत्तर त्या पोर्टवर जातं, हे ज्याला टीसीपी (कनेक्शन जोडून डेटा पोहोचवण्याचे नियम) शिकताना कळलंय त्याला हा प्रश्न पाच मिनिटांचा. ज्याला नाही कळलं, तो सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करतो.

राहता राहिली प्रत्यक्षातली यंत्रं. ॲप क्लाऊडवर असलं तरी माणसं इमारतीत बसतात, आणि त्यांना तिथवर नेणारे ॲक्सेस पॉइंट, स्विच, फायरवॉल इमारतीतच असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये एकमेकांना न छेदणारे चॅनल बहुतेक ठिकाणी १, ६ आणि ११ एवढे तीनच मिळतात. क्लाऊड आल्याने ते चार झालेले नाहीत.

“कॉन्फिगरेशन ऑटोमेशन आणि एआय लिहितं”

लिहितं. चांगलं लिहितं. हा संदेशातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सिस्कोच्या स्विचवर एका ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवरून, आणखी एक व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क), समजा ३०, न्यायचा आहे. आज्ञा द्यायची ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’. त्यातला ‘ॲड’ राहिला तरी आज्ञा व्याकरणाने बिनचूकच असते, स्विच एका शब्दाने कुरकुरत नाही. फक्त आधीची यादी पुसली जाते आणि त्या ट्रंकवर एकटा ३० उरतो. बाकीच्या सगळ्या व्हीलॅनमधली माणसं त्या क्षणी तुटतात, आणि तुमचं स्वतःचं लॉगिन त्यांतल्याच एखाद्या व्हीलॅनमधून चालत असेल तर तुम्हीही तुटता. हा शब्द माणसाकडून राहू शकतो, स्क्रिप्टकडून राहू शकतो, एआयकडूनही. एंटर दाबायच्या आधी कोणाला तो खटकतो, हा खरा प्रश्न. आणि तो खटकण्यासाठी ट्रंक म्हणजे काय हे माहीत असावं लागतं.

ऑटोमेशन एकाच वेळी शेकडो यंत्रांना हात घालतं, त्यामुळे चुकलं तर नुकसानही त्याच मापाचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळपास सहा तास बंद होतं. कंपनीने नंतर कारण सांगितलं: देखभालीच्या कामात बॅकबोनची, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य नेटवर्कची, क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने बॅकबोनचीच सगळी जोडणी तोडली. अशी आज्ञा अडवण्यासाठी तपासणीचं साधन होतं, पण त्यातच दोष होता. पुढचा भाग विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावा असा. डेटा सेंटरशी संपर्क तुटलाय हे पाहून डीएनएस सर्व्हरांनी, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांनी, आखून दिलेल्या नियमाप्रमाणे आपले बीजीपी मार्ग (‘आमच्याकडे असं या’ ही इंटरनेटला दिलेली सूचना) मागे घेतले. सर्व्हर चालू होते, पण जगाला त्यांच्याकडे जायचा रस्ताच उरला नव्हता. दुरुस्तीची अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात जे झालं ते तर निव्वळ ऑटोमेशनच्या पोटातलं. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा होती. तिच्या एका रखडलेल्या घटकाने जुनी योजना नव्या योजनेवर लिहिली, दुसऱ्याने ती जुनी म्हणून साफ केली, आणि सेवेच्या पत्त्याची नोंद रिकामी राहिली. यंत्रणेला स्वतःला ते निस्तरता आलं नाही. माणसांना हस्तक्षेप करावा लागला. त्या वेळी कामाला आलं ते डीएनएसचं ज्ञान, जे कोणत्याही पायाभूत अभ्यासक्रमात पहिल्या काही प्रकरणांत असतं आणि विद्यार्थी भराभर उलटून पुढे जातात.

शिवाय कॉन्फिगरेशन लिहिणं हा या कामाचा छोटा भाग. मोठा भाग दोष शोधण्याचा. एक नमुना घ्या: दोन कार्यालयांमध्ये टनेल, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कमधून वेष्टनात घालून नेलेली वाट, आहे. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट, जातं. लॉगिनचं पान उघडतं. मोठा रिपोर्ट उघडला की मात्र पान लोंबकळत राहतं. सर्व्हरवाले म्हणतात नेटवर्क, नेटवर्कवाले म्हणतात पिंग तर जातंय. इथे गोम अशी की टनेलच्या वेष्टनामुळे १५०० बाइटचं पॅकेट आत मावत नाही, आणि त्याचे तुकडे करू नका अशी खूण त्यावर असते. राउटर ते टाकून देतो आणि ‘पॅकेट मोठं आहे, लहान पाठव’ असा निरोप आयसीएमपीने (पिंग आणि असे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलने) परत पाठवतो. कोणा अतिदक्ष माणसाने फायरवॉलवर पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, म्हणून निरोप पोहोचत नाही आणि पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. साधं पिंग छोटं असतं, ते निसटतं. तुकडे न करण्याची खूण लावून १४७२ बाइटचं पिंग पाठवलं की पितळ उघडं पडतं: १४७२ अधिक आयसीएमपीचे ८ अधिक आयपीचे २०, झाले १५००.

एआयला विचारलं तर तो हे कारण सांगेलही. पण त्याला सांगायचं काय? ‘नेट स्लो आहे’ म्हटलं तर पंधरा कारणांची यादी मिळेल. ‘लहान पॅकेट जातात, मोठी जात नाहीत, मध्ये टनेल आहे’ म्हटलं तर नेमकं उत्तर मिळेल. हे दुसरं वाक्य ज्याला सुचतं त्याचं निम्मं निदान झालेलं असतं, आणि प्रशिक्षणाने नेमकं ते वाक्य सुचायला हवं.

“सबनेटिंगला कॅल्क्युलेटर आहे”

आहे, आणि वापरावा. पण /२८ टाकला की कॅल्क्युलेटर म्हणतो १४ वापरण्याजोगे पत्ते. एडब्ल्यूएसमध्ये मिळतात ११, कारण ते प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखून ठेवतात. हे झालं किरकोळ.

खरी अडचण वेगळी. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७०, गेटवे, म्हणजे सबनेटबाहेर जायचं दार, १९२.१६८.१०.६५. सबनेट /२६ चं आहे, म्हणजे शेवटचा आकडा ६४ ते १२७, पण हाताने मास्क (सबनेटचा आकार सांगणारा आकडा) भरताना कोणी /२४ भरला. इंटरनेट चालतं. ईमेल चालतं. १९२.१६८.१०.१० वरचा प्रिंटर मात्र सापडत नाही, कारण संगणकाला वाटतं तो आपल्याच सबनेटमध्ये आहे. तो गेटवेकडे न जाता थेट हाक मारतो आणि तिथे ऐकायला कोणी नसतं. तक्रार येते ‘प्रिंटर बिघडला’ अशी. हाताने पंचवीस-तीस सबनेट सोडवलेल्या माणसाची नजर ७० आणि १० हे आकडे पाहताच ६४ च्या सीमेवर जाते. कॅल्क्युलेटर उत्तर देतो, पण प्रिंटरची तक्रार ऐकून तो उघडावा हे कोणाला सुचणार?

“डंप पाठ करा, सर्टिफिकेट पुरतं”

हा मुद्दा मला सगळ्यात त्रासदायक वाटतो, कारण वरचे सगळे चुकीचे असले तरी प्रामाणिक असू शकतात. डंप म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न. परीक्षेच्या करारात त्याला स्पष्ट मनाई असते आणि सापडलात तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. नैतिकता घटकाभर बाजूला ठेवली तरी व्यवहार बघा. मुलाखतीत समोरचा कागदावर दोन राउटर काढतो आणि म्हणतो, इथून तिथे पिंग जात नाही, पहिली आज्ञा कोणती द्याल? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सर्टिफिकेट निरुपयोगी, असंही मी म्हणणार नाही. सिस्कोच्या सीसीएनए या सर्टिफिकेटला कोणतीही पूर्वअट नाही, परीक्षा १२० मिनिटांची, आणि मान्यता तीन वर्षांची. नवख्याला त्याचा सगळ्यात मोठा फायदा अभ्यासक्रमाचा: काय शिकायचं आणि कोणत्या क्रमाने, हे कोणीतरी विचार करून मांडलेलं आहे. गंमत म्हणजे २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात ऑटोमेशनला १० टक्के वजन आहे आणि आयपी जोडणीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला, २५ टक्के. ऑटोमेशन कधी येणार याची वाट परीक्षा घेणारे बघत बसले नव्हते, आणि ते आलं म्हणून त्यांनी राउटिंग काढूनही टाकलं नाही. याच शिडीच्या वरच्या टोकाला सीसीआयई आहे, तिथे आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिथे पाठांतर किती तग धरेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

सरावाला महागडी यंत्रं लागतात, हीसुद्धा जुनी समजूत. पॅकेट ट्रेसर फुकट आहे. तो सिम्युलेटर असल्यामुळे काही आज्ञा त्यात चालत नाहीत, पण सुरुवातीला पुरतो. पुढे जीएनएस३ किंवा कंटेनरलॅब ही लॅब उभारायची साधनं, आणि लिनक्सवर एफआरराउटिंग हे राउटिंगचं सॉफ्टवेअर: त्यात ओएसपीएफ, बीजीपी हे मार्ग ठरवणारे प्रोटोकॉल खरेखुरे चालतात. शेजारी वायरशार्क, म्हणजे पॅकेट उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम, उघडा ठेवायचा. लॅब चालली की ती स्वतः मोडायची: मास्क चुकवा, ट्रंकमधून व्हीलॅन काढा, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) कमी करा, आणि लक्षणं लिहून ठेवा. जो कोर्स फक्त चालणारी लॅब दाखवतो आणि मोडलेली कधीच नाही, त्याची फी देण्याआधी दोनदा विचार करा.

“रात्रपाळीत स्क्रीन बघत बसायचं”

रात्रपाळी असते, हे खरं. मोठे बदल लोक झोपलेले असताना करतात, आणि नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधली सुरुवातीची नोकरी बरीचशी अलार्म पाहण्याचीच असते. ज्याला ते जमणार नाही त्याने खुशाल दुसरं क्षेत्र निवडावं. पण ‘बघत बसणं’ हे ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीत काम करणाऱ्यांना सांगून पाहावं. अपग्रेडच्या कामात राउटरवरचा फिल्टर काढला गेला, मार्गांचा पूर कोअर, म्हणजे मध्यवर्ती, राउटरांवर आला, आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा गेली. आणीबाणीचे फोनसुद्धा अडले. व्यवस्थापनाचं नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून असल्यामुळे यंत्रांपर्यंत पोहोचायलाच वेळ गेला. मुख्य नेटवर्क पडलं तरी राउटरच्या कन्सोलपर्यंत पोहोचवणारी स्वतंत्र वाट असावी, हा धडा बहुतेक वर्गांत एका ओळीत उरकला जातो.

“त्यापेक्षा थेट प्रोग्रॅमिंग शिका”

‘त्यापेक्षा’ हा शब्द काढला तर सल्ला बरोबर आहे. पायथन यायला हवं. नेटमिको आणि ॲन्सिबल ही ऑटोमेशनची साधनं हाताळता यायला हवीत. कॉन्फिगरेशन गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवायची सवय हवी. फक्त क्रम पाळा. पहिली स्क्रिप्ट केवळ वाचणारी असू द्या: सगळ्या स्विचांवरून ट्रंकवरच्या व्हीलॅनची यादी गोळा करायची आणि दोन टोकांच्या याद्या जुळतात का ते तपासायचं. न जुळणारं काही सापडलं तर ते का, हे स्वतः शोधायचं. बदल करणारी स्क्रिप्ट त्यानंतर, तीही आधी लॅबमध्ये. आणि ज्युनिपरची यंत्रं असतील तर ‘कमिट कन्फर्म्ड’ विसरू नका: बदल केल्यावर मुदतीत पुष्टी दिली नाही, तर यंत्र स्वतःहून जुन्या कॉन्फिगरेशनवर परत जातं. मुदत वेगळी सांगितली नसेल तर ती दहा मिनिटांची असते.