प्रेक्षक उठून जातात तेव्हा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

त्या प्रायोगिक नाट्यप्रयोगाविषयी मी जे लिहिले, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपला मुख्य आक्षेप असा, की मी नाटकाविषयी कमी आणि प्रेक्षकांविषयी जास्त लिहिले. कोण उठून गेले, कोण भलत्याच ठिकाणी हसले, शेवटी टाळ्या पडायला किती वेळ लागला, याच्या नोंदीला समीक्षा म्हणता येत नाही. काळाच्या पुढे असलेले नाटक सुरुवातीला नाकारलेच जाते, याला आपण सॅम्युअल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाचा दाखला दिला आहे. पत्र वाचायला नकार देणाऱ्या बाईंची मी बाजू घेतली, हेही आपल्याला खटकले आहे. आणि मला स्वतःला प्रयोग आवडला की नाही, ते मी सरळ सांगत नाही, अशी आपली शेवटची तक्रार आहे.

पडदा, विंगा आणि काळोखात बसलेला प्रेक्षक अशी मांडणी असलेल्या नाटकाविषयी आपण हे म्हणाला असतात, तर मी बहुतांशी मान्य केले असते. या प्रयोगाची मांडणी मात्र निराळी होती. खुर्च्या समोरासमोर दोन बाजूंना होत्या, मधल्या अरुंद पट्ट्यात अभिनय चालला होता, प्रेक्षकांवरचा प्रकाश शेवटपर्यंत मालवला गेला नाही, आणि दार पट्ट्याच्या एका टोकाला असल्यामुळे बाहेर जायचे तर अभिनयाच्या जागेतूनच जावे लागत होते. म्हणजे मी नाटक पाहत असताना समोरच्या रांगेतले चेहरेही पाहावेत, अशी योजना दिग्दर्शकानेच केली होती. त्या चेहऱ्यांना वगळून त्या प्रयोगाचे वर्णन कसे करावे, हे मला खरोखर उमगत नाही.

एक प्रसंग थोडा तपशिलाने सांगतो. साधारण मध्यावर एक गृहस्थ पिशवी छातीशी धरून उठले, अभिनेत्रीची पाठ वळेपर्यंत थांबले आणि भिंतीला जवळजवळ घासत दाराकडे निघाले. तिने वळून पाहिले, चालू वाक्य अर्ध्यावर सोडले, दार लागेपर्यंत ती हलली नाही, आणि मग ज्या शब्दावर थांबली होती त्याच शब्दापासून पुढे बोलू लागली. तोवर सैल पडलेली खोली त्या क्षणी एकदम सावध झाली. त्या गृहस्थांना नाटक आवडले नव्हते, हे उघड आहे. पण त्यांच्या जाण्याने त्या संध्याकाळचा एक उत्तम क्षण घडला, आणि तो घडवण्याचे श्रेय निःसंशय अभिनेत्रीचे आहे. हे लिहिणे म्हणजे अभिनयाविषयी लिहिणेच नव्हे काय? शिवाय अशा रचनेत बसून राहणाऱ्याला पसंतीची पावती देता येत नाही. पुष्कळ जण केवळ तो पट्टा ओलांडायचा संकोच वाटतो म्हणूनही बसून राहतात, त्यामुळे ‘फारसे कोणी उठले नाही’ ही नाटकमंडळींना दिलासा देणारी गोष्ट मी तरी फार मोलाची मानत नाही.

हशाचेही तसेच आहे. मनापासूनचा हशा एका कोपऱ्यात सुरू होतो आणि पसरतो; अवघडलेला हशा मात्र आखूड असतो, आणि हसणारा लगेच शेजाऱ्याकडे पाहून घेतो. मी ज्याला ‘भलत्या ठिकाणचे हसू’ म्हटले, ते या दुसऱ्या प्रकारचे होते.

आता ‘गोदो’विषयी. बेकेटचे हे नाटक जानेवारी 1953 मध्ये पॅरिसच्या एका छोट्या नाट्यगृहात पहिल्यांदा आले. जानेवारी 1956 मध्ये अमेरिकेतल्या मायामीत त्याचा प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षकांतला मोठा भाग मध्यंतराला निघून गेला, हे आपण लिहिले आहे आणि ते खरेच आहे. पण त्या प्रयोगाची जाहिरात हास्याची धमाल म्हणून झाली होती, हे आपल्या लिहिण्यात आलेले नाही. त्यात काम करणाऱ्या विनोदी नटाला पाहायला, करमणुकीच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षक उठून गेला, यातून नाटकाविषयी जेवढे कळते तेवढेच जाहिरातीविषयीही कळते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1957 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने तेच नाटक कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे 1400 कैद्यांसमोर केले आणि त्यांनी ते खिळून पाहिले. नाटक आहे कधीच न येणाऱ्या गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांचे, आणि वाट पाहणे म्हणजे काय, हे कैद्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तेव्हा ‘सामान्य प्रेक्षकाला प्रायोगिक नाटक कळत नाही’ हा निष्कर्ष आपल्याच दाखल्यातून निघत नाही.

ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या ‘द बर्थडे पार्टी’चे उदाहरण याहून बोलके आहे. मे 1958 मध्ये लंडनला आलेले हे नाटक आठवड्याभरात बंद पडले, आणि समीक्षक हॅरॉल्ड हॉब्सन यांचे त्याची भरभरून स्तुती करणारे परीक्षण छापून आले तोवर प्रयोग थांबलेले होते. ही गोष्ट नेहमी ‘न कळलेले नाटक’ म्हणून सांगितली जाते. पण लंडनला येण्यापूर्वी केंब्रिज आणि ऑक्सफर्ड इथे त्याचे चांगले स्वागत झाले होते. ते बुडवले ते मुख्यतः लंडनच्या दैनिकांतल्या समीक्षकांनी. म्हणजे प्रेक्षकांच्या आणि जाणकारांच्या मतांत अंतर पडले, तेव्हा प्रत्येक वेळी जाणकारच बरोबर होते असे नाही. आणि आणखी एक: नाकारली गेलेली जी नाटके पुढे मोठी ठरली तीच आपल्याला आठवतात. नाकारली गेली आणि योग्यच नाकारली गेली, अशांची यादी कोणी ठेवत नाही, म्हणून ‘लोक उठून गेले, म्हणजे नाटक थोर’ हे गणित इतके सोपे वाटते.

फ्रिंजच्या, म्हणजे निवड समितीशिवाय चालणाऱ्या नाट्यमहोत्सवांच्या, बाबतीत तर प्रेक्षकांवर जास्तच भार असतो. 1947 मध्ये एडिंबरोच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाला आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना येऊन ठेपल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी प्रयोग केले. तिथून ही परंपरा सुरू झाली. 1958 मध्ये तिची रीतसर संस्था स्थापन झाली तेव्हाही प्रयोगांची निवड करायची नाही, हे तत्त्व कायम राहिले. निवड समिती नसल्यामुळे जागा, हिंमत आणि खर्चाची तयारी असलेल्या कोणालाही तिथे उभे राहता येते, हे त्या परंपरेचे मोठेपण आहे. पण याचाच अर्थ असा, की चाळणीचे काम खोलीत बसलेल्या मूठभर माणसांकडे येते आणि ती बाहेर जाऊन काय सांगतात यावर पुढच्या प्रयोगाची गर्दी ठरते. ज्यांच्यावर एवढी जबाबदारी टाकली, त्यांच्या प्रतिसादाची दखल घेऊ नका म्हणणे मला विसंगत वाटते.

आता त्या पत्राकडे येतो, कारण आपण सर्वांत कठोर शब्द तिथे वापरले आहेत. अभिनेत्रीने पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हाती घडी घातलेले पत्र दिले आणि ते मोठ्याने वाचायला सांगितले. बाईंनी घडी उलगडली, मजकुरावरून नजर फिरवली, पत्र पुन्हा घडी करून परत दिले आणि शांतपणे ‘नाही’ म्हणाल्या. आपल्या मते त्यांनी प्रयोगाचा विरस केला आणि मी उद्धटपणाला डोक्यावर घेतले. त्यांच्या स्वरात उद्धटपणा मला तरी आढळला नाही. ज्या नाटकाचा विषयच ‘दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला’ हा आहे, त्यात कोणी दुसऱ्याचे पत्र वाचायला नकार देतो, यापेक्षा नेमका प्रतिसाद कोणता असू शकतो? नाटक त्या घटकेला आपल्या विषयाच्या अगदी पुढ्यात येऊन उभे होते. पण अभिनेत्री ओशाळे हसली, पत्र शेजारच्या तरुणाला दिले, त्याने ते वाचले आणि सगळे ठरल्याप्रमाणे पुढे सरकले. तालमीत फक्त होकाराची तयारी झाली होती, हे तिथे उघडे पडले. प्रेक्षकाला सहभागी करून घ्यायचे असेल तर त्याचा नकारही संहितेत बसवावा लागतो. नाहीतर तो सहभाग नसतो, प्रेक्षकाकडून करून घेतलेले नेपथ्याचे काम असते. ही माझी टीका नाटकावर आहे, आणि ती त्या बाईंच्या उत्तराखेरीज मला करताच आली नसती.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. पत्रांचा भाग येईपर्यंतचा प्रयोग मला फार आवडला, विशेषतः अभिनेत्रीचे विराम आणि समोरासमोरची बैठक. त्यानंतरचा भाग कच्चा वाटला, आणि शेवटचे लांबलेले निवेदन तर प्रेक्षकांवर विश्वास नसल्याचे लक्षण वाटले, कारण खोलीला आधीच कळून चुकलेली गोष्ट ते पुन्हा समजावून सांगत होते. टाळ्या उशिरा पडल्या त्या भारावून गेल्यामुळे, असे आपण म्हणता. मी जिथे बसलो होतो तिथून दिसत होते, की लोक एकमेकांकडे पाहून नाटक संपले की नाही याचा अंदाज घेत होते. पत्रांचा भाग नव्याने बसवला गेल्याचे कळले, तर मी तिकीट काढून पुन्हा जाईन, आणि त्या वेळी शक्य झाल्यास पहिल्या रांगेत बसेन.