मुंबई इंग्रजांनी 'दिली'? पैसे कोणी भरले ते तरी बघा

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, मला एकटीलाच तीन ग्रुपवर आला. म्हणणं थोडक्यात असं की इंग्रज आले तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं, चार कोळीवाडे आणि बाकी चिखल. गोदी, रेल्वे, रस्ते, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, मोठमोठ्या इमारती सगळं त्यांनी दिलं, आणि आपल्या लोकांनी केलं काय तर नावं बदलली. खाली अंगठ्यांची रांग. मी याच शहरात वाढले, मला हे वाचून गप्प बसवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"आधी काही नव्हतंच." वाळकेश्वरचं बाणगंगा तळं शिलाहारांच्या काळातलं, इंग्रज यायच्या पाचेकशे वर्षं आधीचं. माहीमला ज्यांच्या दर्ग्यावर आपण जातो ते मखदूम अली माहिमी १४३१ ला वारले, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा विद्वान माणूस होता तो. आणि कोळीवाडे होते म्हणजे काही नव्हतं, हे कुठलं गणित? शहराला जिचं नाव आहे ती मुंबादेवी कोळ्यांची.

"गोदी इंग्रजांनी बांधली." कंपनीला जहाजं बांधायला माणूस मिळेना, तेव्हा १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना आणलं, सोबत त्यांचे सुतार. पुढे दीडएकशे वर्षं त्या घराण्याने मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली, आणि ती इंग्रजांच्या आरमारात गेली. त्यातलं १८१७ चं त्रिंकोमाली आजसुद्धा इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. म्हणजे या बाबतीत कोणी कोणाला काय दिलं ते तुम्हीच ठरवा.

"रेल्वे दिली." हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो. १८४५ मध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन काढली, मुंबईत रेल्वे हवी म्हणून हे लोक मागे लागले होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली तेव्हा नाना ती चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीचे डायरेक्टर होते. भांडवल बहुतेक विलायतेतून आलं हे खरं, पण त्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती, आणि कमी पडले तर ते भरायचे कुठून, तर इथल्या सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. त्याला देणगी म्हणत नाहीत. आणि बोरघाट? १८५६ ते १८६३ ते काम चाललं, एका टप्प्यावर ४० हजारांच्या वर मजूर डोंगर फोडत होते, कॉलरा, ताप, सुरुंग यांत हजारो गेले. पुण्याला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की मला दरवेळी ती माणसं आठवतात, एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

आता रस्ते. माहीमवरून जाणारी बस पकडा, कंडक्टर म्हणतो एलजे रोड, टॅक्सीवाला म्हणतो एलजे, घरभाड्याच्या जाहिरातीत एलजे. ही एलजे कोण? लेडी जमशेटजी, म्हणजे अवाबाई, जमशेटजी जीजीभॉयांच्या बायको. तेव्हा वांद्र्याहून माहीमला यायचं तर होडीशिवाय सोय नव्हती, पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. सरकार पूल बांधायला पैसे काढेना. शेवटी अवाबाईंनी स्वतःचे १,५७,००० रुपये दिले, आणि अट घातली की या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून सरकारने एक पैसा टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. तो माहीमचा कॉजवे. आज तिथे सिग्नलला अर्धा तास अडकून आपण शिव्या घालतो पण ज्या बाईने गरिबाला फुकट जाता यावं म्हणून सरकारला अटीत बांधून घेतलं तिचं पूर्ण नाव आपण दोन अक्षरांत संपवलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटीचं पटकन सांगते कारण हे पाटीवरच आहे. जेजे म्हणजे परत जमशेटजी जीजीभॉय. राजाबाई टॉवर म्हणजे प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव, लायब्ररीला २ लाख आणि टॉवरला २ लाख त्यांनी दिले, १८६४ चे लाख बरं का. कॉन्व्होकेशन हॉल कावसजी जहांगीर यांच्या पैशातून.

"इमारती तरी त्यांच्याच." सीएसएमटी आणि समोरची पालिकेची इमारत, दोन्हींचं डिझाइन फ्रेडरिक स्टीव्हन्सचं, आणि माणूस मोठाच होता, त्याचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये. पण नकाशा कागदावर असतो. दोन्ही कामांवर इंजिनियर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि पालिकेच्या इमारतीचे ठेकेदार होते व्यंकू बाळाजी कालेवार. १८९३ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये होता आणि झाला ११,१९,९६९, म्हणजे ६८ हजारांच्या वर वाचवून दिले. याच शहरात, सरकारी कामात. ही दोन नावं किती जणांनी ऐकलीत?

आणि फॉरवर्डमध्ये गिरण्यांचं नाव नाही, कारण तिथे इंग्रजाला श्रेय देता येत नाही. पहिली गिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढायला घेतली. ती चालवली कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. त्यांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, ते महात्मा फुल्यांचे सहकारी, १८८४ पासून सभा, अर्ज, मागण्या असं लावून धरलं तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवार मिळाला.

इंग्रजांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाहीये. इंजिनियर होते, चांगले अधिकारी होते. पण "दिलं" हा शब्द चुकीचा आहे.

राहिलं शेवटचं, "नावं बदलली". भायखळ्याला राणीच्या बागेला लागून जे म्युझियम आहे त्याच्या कमिटीचे अध्यक्ष होते नाना शंकरशेट, आणि पैसे जमवायला ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड. १८७२ मध्ये दार उघडलं तेव्हा नाना जाऊन सात वर्षं झाली होती, दोनच वर्षांत भाऊ दाजीही गेले, आणि पाटीवर नाव होतं राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं. १९७५ मध्ये ती पाटी बदलून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय केली. १०० वर्षं उशिरा.