खिडकी उघडायची नाही आणि दंड मावशींना?

आज सकाळच्या पॅसेंजरमध्ये माझ्यासमोर बसलेल्या मावशींकडून टीसीनं 260 रुपये घेतले. दहा रुपये भाडं, 250 दंड. पदराची गाठ सोडून दहा-दहाच्या नोटा मोजत होत्या. दोन बुट्ट्या मेथी-कोथिंबीर कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत विकून असे किती सुटतात त्यांना? दुपार झाली तरी माझं डोकं शांत नाही.

त्या फुकट्या नव्हत्या हो! आमच्या गावच्या स्टेशनवर तिकिटाची खिडकी एकच, तीही गाडी यायच्या तोंडावर उघडते. माझा पास आहे, मी बाजूला उभा राहून सगळं बघत होतो. सुट्ट्या पैशांवरून वाद चाललेला, मावशींच्या पुढं अजून आठजण, आणि गाडीचा भोंगा वाजला. गाडी थांबणार जेमतेम मिनिटभर. ती सोडली तर सकाळचं गिऱ्हाईक गेलं. काय करायचं होतं त्यांनी?

हे सगळं टीसीला सांगितलं. "नियम आहे, तुम्ही मधे पडू नका."

नियम? 1989 च्या रेल्वे कायद्यात दंडाचं कलम 138 आहे, तसं कलम 55 पण आहे. तिकीट मिळालं नाही तर आधी गार्डाची परवानगी काढून दाखला घ्यायचा, मग नुसतं भाडं पडतं, दंड लागत नाही. (2022 पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे तर कुणाच्या गावीही नाही.) त्या खिडकीशेजारी हा दाखल्याचा नियम मराठीत लिहिलाय कुठं? आणि गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी. डोक्यावर बुट्टी घेऊन मिनिटभरात तिथवर पळायचं, दाखला लिहून घ्यायचा, परत डब्यात चढायचं?

ॲपवर काढायचं की, असं एकजण म्हणाला. बटणांचा फोन आहे रे त्यांच्याकडं!

आणि दाराशी लोंबकळणारी ती पोरं? टीसी चढला की पुढच्या स्टेशनवर डबा बदलतात, रोज बघतोय. त्यांच्यामागं पळावं लागतं. मावशी जागच्या हलत नाहीत, म्हणून पावती त्यांच्या नावानं फाटते.

तपासणी करा, माझा पास रोज दहा वेळा बघा. पण खिडकी अर्धा तास आधी उघडा. ते जमत नसेल तर तिथं चढलेल्यांकडून नुसतं भाडं घ्या.

मावशींनी पावतीची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि मला विचारलं, "बाळा, जाताना हीच दाखवली तर चालंल न्हवं?"

नाही चालणार, मावशी.