मेव्हण्यांचं एनआरई आणि माझं लीड्सचं खातं

काका, (सही ‘एक निवृत्त बँकवाला’ अशी आहे म्हणून काका म्हणते. वयाचा अंदाज चुकला असेल तर दादा समजा.)

‘परत येताना तिथलं खातं बंद करू नका’ या माझ्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. परदेशात खातं ठेवायला सांगून मी लोकांना पैसा लपवायला शिकवते. विनिमय दरातल्या रुपया-दोन रुपयांचा उगाच कीस पाडते. आणि ‘आल्याबरोबर एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं) खातं बदलून घ्या’ ही निव्वळ भीती आहे, कारण तुमचे मेव्हणे दुबईहून कायमचे परतले तरी त्यांचं एनआरई मजेत चालू आहे, ‘कोणी विचारत नाही’.

गंमत बघा. कायद्यानं जे चालतं ते तुम्हाला चोरी वाटतंय, अन् जे चालत नाही ते घरगुती.

फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, १९९९ चा. त्याचं कलम ६(४) तुम्ही नोकरीत असताना नक्की वाचलं असेल. परदेशात राहत असताना मिळवलेलं चलन, शेअर, घर हे भारतात निवासी झाल्यावरही तिथेच ठेवता येतं. माझंच उदाहरण घ्या. नागपूरला लक्ष्मीनगरात राहते, पासपोर्ट ब्रिटिश, हातात ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळतं ते). पासपोर्टाच्या रांगेत परदेशी, फेमाच्या हिशेबात निवासी. लीड्स सोडल्यावरही पैसे येतच होते: घरमालकाकडचं डिपॉझिट, जास्त कापलेल्या कराचा परतावा, शिल्लक रजेचे पैसे. यातलं कोणीही नागपूरच्या आयएफएससीवर पैसे टाकायला बसलेलं नसतं. तिथलं खातं नसेल तर घरी पौंडाचा चेक येतो, आणि तो चेक घेऊन सीताबर्डीत एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

लपवण्याबद्दल म्हणाल तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची एफए नावाची अनुसूची असते. पूर्ण निवासी झालं की ती भरायची, आणि ती आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, जानेवारी ते डिसेंबर अशी. सोपा वाटणारा आयटीआर-१ त्यासाठी चालत नाही. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण सूट दंडाला आहे, दाखवण्याला नाही. हे सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही बहुतेक शीर्षकावरच थांबलात.

तिथलं खातं ठेवण्यातली खरी डोकेदुखी फोन नंबरची. ओटीपी तिथल्या नंबरवर येतो, आणि प्रीपेड नंबर काही महिने वापरला नाही की कंपनी तो काढून घेते. त्यावर कोणी टीका केली असती तर मी हात जोडले असते!

आता रुपया-दोन रुपयांचा कीस. सोयीसाठी धरा, बाजारात पौंड ११० रुपयांना आहे. बँक टीटी बाइंग दर, म्हणजे बाहेरून आलेलं चलन विकत घ्यायचा तिचा दर, १०७.५० लावते. १,००० पौंडांवर अडीच हजार रुपये तिथेच गेले, आणि पावतीवर त्याची ओळसुद्धा नाही. पावतीवर दिसतो तो चलनबदलाचा जीएसटी, १,०७,५०० रुपयांवर साधारण १८७ रुपये. लोक त्या १८७ साठी काउंटरवर वाद घालतात! शिवाय पाठवणाऱ्या बँकेची फी, आणि मधल्या बँकेनं वाटेत कापलेलं वेगळं. पाठवताना शुल्काच्या रकान्यात ‘एसएचए’ निवडलं तर ती कापणी घेणाऱ्याच्या माथी, ‘ओयूआर’ निवडलं तर पाठवणाऱ्याच्या. ‘शून्य शुल्क’ लिहिलेलं दिसलं की मी आधी दर बघते.

पैसे पाठवणाऱ्या ॲपवाल्या कंपन्यांवर विश्वास नको, हे तुमचं मत मला अर्धं मान्य. ब्रिटनमधल्या अशा कंपन्यांना ग्राहकांचा पैसा वेगळा ठेवावा लागतो, पण बँकेतल्या ठेवींना जे विमासंरक्षण आहे ते तिथे नाही. म्हणून पैसा त्यातून जाऊ द्यावा, मुक्कामाला ठेवू नये. घर विकल्याची मोठी रक्कम आणायची असेल तर बँकच बरी. फक्त कार्ड रेटवर, म्हणजे सगळ्यांसाठी लावलेल्या ठरावीक दरावर, मान डोलवायची नाही, शाखेला ट्रेझरीकडून (बँकेच्या चलन व्यवहार करणाऱ्या विभागाकडून) दर मागायला लावायचा. मागितला की मिळतो, हे तुमच्याशिवाय जास्त कोणाला ठाऊक?

आणि ‘बँकेत सगळं सरळ असतं’ या वाक्यावर एक किस्सा. आमच्या शाखेतला तरुण संगणकावर पर्पज कोडच्या, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणाऱ्या कोडच्या, खिडकीशी अडकला होता.

“मॅडम, पाठवणारं कोण?”
“मीच.”
“अन् घेणारं?”
“मीच.”
“असं कसं? हे सिस्टीम घेऊन नाही राहिली. गिफ्ट टाकून देऊ का?”

गिफ्टचा कोड पी १३०२. त्यानं चांगल्या मनानंच विचारलं, पण नातेवाइकाव्यतिरिक्त कोणाकडून वर्षात ५०,००० च्या वर भेट आली की ती उत्पन्नात धरतात. उद्या माझ्याच बचतीला ‘ही भेट कोणाची?’ असं विचारलं तर मी काय सांगणार होते? ‘माझी मला’? शेवटी आतून त्याचे साहेब आले आणि काम झालं. तेव्हापासून प्रत्येक रकमेचा आवक दाखला, म्हणजे पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा कागद, मी मागून घेते.

राहिले तुमचे मेव्हणे. त्यांची मला खरंच काळजी वाटते. एनआरईचं व्याज करमुक्त असतं ते फेमाच्या दृष्टीनं भारताबाहेर राहणाऱ्याला. कायमचं राहायला आलं की ती सवलत संपली, पासबुकावर ‘एनआरई’ छापलेलं असो वा नसो. म्हणजे आल्यापासूनचं सगळं व्याज दाखवायचं राहिलंय. फेमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

त्यात वाईट याचं वाटतं की त्यांना सरळ रस्ता होता. आल्यावर तो पैसा आरएफसी खात्यात (परतून निवासी झालेल्यांचं परकीय चलनातलं खातं) नेला असता तर परकीय चलनात ठेवता आला असता, आणि ‘निवासी पण साधारण निवासी नाही’ हा दर्जा असेपर्यंत व्याजही करमुक्त मिळालं असतं. आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा कमी दिवस भारतात असाल, तर तो दर्जा मिळतो. दुबईत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तो बहुधा मिळालाच असता. आता त्यांना सांगा, बँकेनं पत्र पाठवायची वाट बघू नका, आधी सीए गाठा.

जाता जाता तुम्ही विचारलंय की ब्रिटनचं सरकारी पेन्शन सरळ इथे घेतलं तर काय बिघडतं. काही बिघडत नाही. दर ४ किंवा १३ आठवड्यांनी रुपयांत जमा होतं. एक मात्र लक्षात असू द्या. भारतात राहणाऱ्याला तिथली दरवर्षीची वाढ मिळत नाही, सुरुवातीचा आकडाच पुढे चालू राहतो. आणि पैसे लीड्सच्या खात्यात घेतले तरी वाढ मिळत नाही, कारण ते खात्यावर नाही, तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं.